घाम रुग्णाचा, श्रेय गोळीचे

औषधाचा थेंबही नसलेल्या सुईने शंभरातल्या चौतीस जणांचे यकृत सुधारले! हा कुणा बाबाच्या मठातला चमत्कार नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 2025 साली छापून आलेला हा आकडा आहे. सेमाग्लुटाइड या औषधाच्या ‘एसेन्स’ चाचणीत फॅटी लिव्हरमुळे यकृताला सूज आणि व्रण असलेल्या पहिल्या 800 रुग्णांचा हिशेब मांडला गेला. खरे औषध घेणाऱ्यांपैकी 62.9 टक्के लोकांची सूज ओसरली आणि रिकामी सुई टोचून घेणाऱ्यांपैकी 34.3 टक्के लोकांचीही ओसरली. त्याच्या आदल्या वर्षी, त्याच नियतकालिकात, रेस्मेटिरॉम या गोळीची 966 रुग्णांवरची चाचणी आली होती. तिथे मोठ्या मात्रेच्या गटात 29.9 टक्के सुधारले आणि खोट्या गोळीच्या गटात 9.7 टक्के. म्हणजे एका चाचणीतल्या खोट्या औषधाने दुसऱ्या चाचणीतल्या खऱ्या औषधाला मागे टाकले. कंपन्यांनी पहिला आकडा मिरवला आणि बाजाराने टाळ्या वाजवल्या. आमचा प्रश्न दुसऱ्या आकड्याबद्दल आहे. काहीच औषध न घेता बरी झालेली ही माणसे काय करून बरी झाली? ती काय जेवली, किती चालली, दारू सोडली की कमी केली? या प्रश्नाचे पुरेसे उत्तर जगातल्या बहुतेक चाचण्यांकडे नाही, कारण त्यांनी ते नीट विचारलेच नाही.

तज्ज्ञ लगेच सांगतील की दोन चाचण्यांचे आकडे असे शेजारी ठेवता येत नाहीत. एक 52 आठवड्यांनी मोजली, दुसरी 72 आठवड्यांनी. ‘सुधारणा’ कशाला म्हणायचे याच्या अटी वेगळ्या, बायॉप्सी वाचण्याची रीत वेगळी. शिवाय बायॉप्सीच्या सुईला यकृताचा जेमतेम पन्नास हजारावा भाग लागतो. आज एका कोपऱ्यातला तुकडा निघाला आणि वर्षाने दुसऱ्या कोपऱ्यातला, तरी निदान बदलते. हे सगळे मान्य. पण ते वजा केल्यावर जे उरते त्याचे काय? चाचणीत नाव घातलेला माणूस घाबरलेला असतो. त्याचे वजन दर भेटीत कुणीतरी टिपत असते, आहारतज्ज्ञ त्याच्याशी बोललेला असतो, घरच्यांनी तळण बंद केलेले असते. तो रात्रीची एक भाकरी कमी करतो, सकाळी चालायला लागतो. त्याच्या यकृतातली चरबी त्याने स्वतः जाळलेली असते. अहवालात मात्र या सगळ्या कष्टाला एकच नाव मिळते: ‘प्लासिबो इफेक्ट’. माणसाच्या घामाचा असा अपमान विज्ञानाच्या नावाखाली दुसरीकडे क्वचितच होत असेल.

आणि हा घाम किरकोळ नव्हे. क्यूबातल्या डॉक्टरांनी 2015 साली 293 रुग्णांना कोणतेही औषध न देता 52 आठवडे फक्त आहार आणि व्यायामावर ठेवले आणि आधी-नंतर बायॉप्सी केली. ज्यांनी वजन दहा टक्के किंवा त्याहून जास्त उतरवले, त्यांच्यापैकी नव्वद टक्क्यांची यकृताची सूज गेली आणि पंचेचाळीस टक्क्यांचे व्रणसुद्धा मागे हटले. एवढे वजन उतरवणारे थोडे होते हे खरे; पण बाजारातल्या कुठल्याही गोळीने आजवर हा आकडा गाठलेला नाही. सिडनीतल्या संशोधकांनी तर 2009 साली दाखवले होते की चार आठवडे सायकल मारली तर वजनाचा काटा न हलताही यकृतातली चरबी सुमारे पाचव्या हिश्शाने उतरते. म्हणजे ‘रुग्णाचे वजन स्थिर होते’ एवढे लिहून हात झटकणाऱ्यांची सोयही गेली. फॅटी लिव्हरवरचे आजचे सर्वांत जोरदार औषध ताटात आणि पायांत आहे. नव्या औषधाची परीक्षा घेताना हे जुने औषध कोण किती घेतो आहे याची नोंदच ठेवायची नाही, याला शास्त्र कसे म्हणायचे?

‘चिठ्ठ्या टाकून गट पाडले की सगळे आपोआप समान होते’ हे यावरचे ठरलेले उत्तर. हे अर्धेच खरे आहे. चिठ्ठी टाकतो त्या दिवशी गट समान असतात. पुढच्या वर्षभरात माणसे कशी वागतील हे चिठ्ठी ठरवत नाही. गट मोठे असतील, औषध कुणाला आणि खोटी गोळी कुणाला हे खरोखर गुप्त राहिले असेल, तर फरक पुसले जातात. पण आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयांतून निघणाऱ्या किती अभ्यासांत असे असते? साठ-सत्तर रुग्ण, निम्म्यांना गोळी, निम्म्यांना नुसता सल्ला आणि कोण कुठल्या गटात हे चपराशालाही माहीत. ज्याला गोळी मिळाली तो निर्धास्त होऊन पुन्हा भजी खाऊ लागला की हुरूप येऊन चालायला लागला, हे कुणी पाहिले? शेवटी यकृताच्या रक्ततपासणीतले एसजीपीटी उतरले, प्रबंध मंजूर झाला, औषधाच्या नावाने टाळी पडली.

आता खडवलीला या. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलने शहाड, आंबिवली, टिटवाळा मागे टाकले की हे स्टेशन लागते. मुंबईकरांना खडवली माहीत आहे ती भातसा नदीत डुंबायला, काठावर कोंबडी शिजवायला आणि दर पावसाळ्यात पोरे बुडाल्याच्या बातम्यांपुरती. इथे राहणाऱ्या माणसाच्या पोटात काय चालले आहे याची चौकशी करायला मात्र कुणी येत नाही. एकाच गावात इथे दोन प्रकारची शरीरे नांदतात. एक माणूस पहाटेची लोकल धरतो, दादरला उतरून वडापाव आणि कटिंग मारतो, दिवसभर खुर्चीत बसतो, परतीला लोंबकळत येतो आणि रात्री दहाला डोंगराएवढा भात जेवून झोपतो. दुसरी बाई आषाढात गुडघाभर चिखलात वाकून आवणी करते, उरलेल्या महिन्यांत लाकूड वाहते, तांदळाची भाकरी सुकटीच्या कालवणाशी खाते. दोघांनी कधी कल्याणला जाऊन सोनोग्राफी केली तर कागदावर एकच शेरा येऊ शकतो: ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’. दोघांनाही एकच उपदेश मिळतो, ‘तेलकट टाळा, चालत जा.’ सोबत गोळ्यांची पट्टी. चिखलात दिवस काढणाऱ्या बाईला चालायला सांगणारा डॉक्टर वाईट नसतो. त्याच्या हातात ज्या चाचण्यांचे निष्कर्ष आहेत, त्यांत ही बाईच नव्हती.

ती चाचणीत आली असती तरी काय झाले असते? परदेशी साच्यातल्या कागदावर तिला विचारले असते, ‘व्यायाम करता का?’ तिने मान हलवून नाही म्हटले असते. त्याच कागदावर लोकलवाल्याने स्टेशनपर्यंतच्या दहा मिनिटांच्या जोरावर ‘हो’ लिहिले असते. झाली नोंद! वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेची हालचाल मोजण्याची प्रश्नावली कामाची, प्रवासाची आणि फावल्या वेळेची हालचाल वेगवेगळी विचारते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली 528 भारतीय अन्नपदार्थांचे पृथक्करण करून तक्ते छापले आहेत. साधने देशात पडून आहेत. वापरण्याची दानत नाही.

त्यात आपले पंचांग! गटारीच्या आठवड्यात एमआरआय काढून चाचणी सुरू केली आणि श्रावण सरताना दुसरा काढला, तर मधल्या काळात अर्ध्या ठाणे जिल्ह्याने मटण आणि बाटली बाजूला ठेवलेली असते. गणपतीत मोजायला सुरुवात करून दिवाळीच्या फराळावर संपवली तर चित्र उलटे. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले वेफर्स चेपणारा ‘आज काहीच खाल्ले नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतो, हे आणखी वेगळेच. तुलनेला दुसरा गट नसलेल्या, नुसत्या आधी-नंतरच्या अभ्यासात हा सगळा श्रावण औषधाच्या खात्यावर जमा होतो. दारूबद्दल तर बोलायलाच नको. पुरुषाने दिवसाला 30 ग्रॅम आणि बाईने 20 ग्रॅम मद्यार्काच्या आत असावे, ही या आजाराच्या व्याख्येतली रेषा माणसाच्या तोंडी उत्तरावर आखली जाते. भातसेच्या काठावर रविवारी रिकाम्या होणाऱ्या बाटल्या कुणाच्या उत्तरात सापडतात, हे आम्हाला कळेल तर बरे.

महाराष्ट्राला हे शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नव्हती. डॉ. दीपक अमरापूरकर यांनी मुंबईतल्या दोन रेल्वे वसाहतींत जाऊन 1,168 माणसांची प्रश्नावली, मोजमापे, रक्त आणि सोनोग्राफी अशी तपासणी केली आणि 2007 साली सांगितले की दर सहा जणांत जवळजवळ एकाच्या यकृतावर चरबी आहे. रुग्णालयात चालून आलेल्यांची ही गणती नव्हती. राहत्या वस्तीतल्या माणसांची होती. त्याच अमरापूरकरांना 29 ऑगस्ट 2017 च्या पुरात या महानगराच्या उघड्या मॅनहोलने गिळले. त्यांच्या मागे त्यांची रीत तरी आपण पुढे न्यायची होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी तर स्वतःचे शरीरच पुराव्याला ठेवले. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागात 2010 साली जे फॅटी लिव्हरवाले सापडले, त्यांतले तीन चतुर्थांश ‘लठ्ठ’ नव्हतेच. त्यांचा इंडेक्स 25 च्या खाली होता. खडवलीच्या काटक दिसणाऱ्या माणसाला तुम्ही गोऱ्या शरीराच्या काट्यावर मोजणार आणि वजन हलले नाही म्हणून आहार बदलला नाही असे समजणार? कंबर मोजा, ताट मोजा, पावले मोजा.

देशाचे सरकार या बाबतीत कागदोपत्री पुढारलेले आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये फॅटी लिव्हरला असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतले. सप्टेंबर 2024 मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना निघाल्या. एम्सच्या डॉक्टरांनी देशभरचे अभ्यास एकत्र करून 2022 साली सांगितले की प्रौढांत हे प्रमाण 38 टक्क्यांच्या घरात आहे. वाडीवर फिरणारी आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरते. त्यात कंबरेचे माप असते, दारू-तंबाखू असते आणि आठवड्याला 150 मिनिटे हालचाल होते का, हा प्रश्न असतो. तुटपुंज्या मानधनावर उन्हातान्हात फिरणारी बाई हे विचारते आणि कोट्यवधी रुपये खर्चून उभ्या राहिलेल्या औषध-चाचणीच्या अहवालात मात्र एवढीच ओळ सापडते की सर्व सहभागींना आहार व व्यायामाचा सल्ला देण्यात आला. दिला, मग पुढे काय? त्यांनी ऐकला का? औषधवाल्यांनी जास्त ऐकला की दुसऱ्यांनी? शाळेत मास्तरांनी धडा वाचला म्हणून पोरांना उत्तीर्ण करण्यासारखे हे झाले.

या आजारावर जगात सर्वांत आधी औषध मंजूर करण्याचा मान भारताच्या औषध महानियंत्रकांनी मिळवला. अहमदाबादच्या झायडसचे सारोग्लिटाझार मार्च 2020 मध्ये मंजूर झाले. अमेरिकेची पहिली मंजुरी, रेस्मेटिरॉमची, त्यानंतर चार वर्षांनी, 14 मार्च 2024 रोजी आली. सारोग्लिटाझारची अमेरिकेत झालेली एक चाचणी 106 रुग्णांची, 16 आठवड्यांची होती. त्यात 4 मिलिग्रॅम मात्रेने एएलटी (म्हणजे आपले एसजीपीटी) सुमारे 46 टक्क्यांनी उतरले, खोट्या गोळीच्या गटात उलट साडेतीन टक्क्यांच्या आसपास चढले. हे औषध वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. आमचे भांडण मंजुरी देणाऱ्या टेबलाशी आहे. अमेरिकेच्या मंजुरीच्या पहिल्याच वाक्यात रेस्मेटिरॉम ‘आहार आणि व्यायामाच्या जोडीने’ घ्यायचे असे लिहिले आहे. कोणता आहार? किती व्यायाम? ज्या गोष्टीच्या जोडीने औषध द्यायचे ती गोष्ट चाचणीत किती मात्रेत होती हे न सांगणे म्हणजे रुग्णाला अर्धीच चिठ्ठी देणे.

यात नुकसान फक्त रुग्णाचे नाही. एलाफिब्रानॉर नावाचे औषध मे 2020 मध्ये कोसळले. औषधाच्या गटात 19.2 टक्के सुधारले आणि खोट्या गोळीच्या गटात 14.7. ते औषधच कुचकामी होते, की दुसऱ्या गटातल्या लोकांनी निष्ठेने केलेल्या पथ्यात त्याचा गुण बुडाला? आता कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. अब्जावधींची राख झाली तरी कंपन्यांना अक्कल येत नाही, कारण बाजी जिंकली तर हीच न मोजलेली जागा त्यांच्या कामी येते. म्हणून तर 2020 सालीच ‘लिव्हर फोरम’ या व्यासपीठावरच्या तज्ज्ञांनी लेखी शिफारशी केल्या की या चाचण्यांत आहार-व्यायामाची पद्धत प्रमाणित करा. शिफारशी छापल्या गेल्या. पुढे त्या किती पाळल्या, हे अहवाल उघडून पाहावे.

एक गोष्ट मात्र संख्याशास्त्रज्ञांना बजावून सांगितली पाहिजे, नाहीतर ते या मागणीचाही विचका करतील. सेमाग्लुटाइड भूक मारते. ‘एसेन्स’मध्ये त्या गटाचे वजन 10.5 टक्क्यांनी उतरले, दुसऱ्याचे 2 टक्क्यांनी. तिथे कमी खाणे हा औषधाचाच मार्ग आहे. ते गणितात वजा केले तर औषधावर अन्याय होईल. रेस्मेटिरॉम वजनाला फारसे हातच लावत नाही. तिथे गटागटांत उतरलेल्या वजनाचा अर्थ निराळा. म्हणून शेवटी कुठलेतरी एक सूत्र लावून ‘आहार धरून हिशेब केला’ म्हणणे चालणार नाही. नोंद आधीपासून हवी, दोन्ही गटांत, एकाच माणसाने एकाच पद्धतीने दिलेल्या सल्ल्यासह. कामाच्या दिवसाचे आणि सुट्टीच्या दिवसाचे जेवण वेगळे लिहिलेले, मोबाइलमधली किंवा पट्ट्यातली पावले उतरवलेली, भरती होण्याआधीच्या काही महिन्यांत वजन चढ-उतार करत होते का ते नमूद केलेले. आणि निकाल छापताना हा तक्ता शेवटच्या पुरवणीत गाडायचा नाही; सुधारणेच्या टक्क्यांशेजारी ठेवायचा. खोट्या गोळीने बरे झालेल्यांनी काय केले, याचा स्वतंत्र अभ्यास करायचा. आमच्या मते त्या गटातले हे बरे झालेले लोक औषधाच्या गटापेक्षाही मोलाचे आहेत.

हे कोण करणार? चालण्याला वैद्यकीय प्रतिनिधी नसतो, नाचणीच्या भाकरीच्या वतीने कुणी डॉक्टरांना परिषदेला नेत नाही. मग हे काम सार्वजनिक पैशाचे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ठाणे-पालघरच्या पट्ट्यात, लोकलवाल्यांत आणि आवणीवाल्यांत, औषधाशिवायच्या उपचाराची खरीखुरी चाचणी उभी करावी. महाराष्ट्राने काही वर्षांपूर्वी दिवसातून दोनदाच जेवावे की दर दोन तासांनी खावे यावर व्हॉट्सअॅपपासून सभागृहांपर्यंत रणे माजवली. दोन्ही बाजूंना अनुयायी मिळाले. दोन्ही पंथांना समोरासमोर बसवून त्यांची यकृते मोजावीत, हे विद्यापीठांना सुचले नाही.

घाई आहे. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च 2026 पर्यंतचीच. स्वस्त सुया गल्लोगल्ली मिळू लागल्या की ‘ग्रेड वन’च्या प्रत्येक कागदामागे एक सुई सुटेल. ती कुणाला खरोखर हवी आणि कुणाचे काम रात्रीचा भात निम्मा केल्याने भागेल, हे ठरवायला आज या मातीतला पुरावा डॉक्टरांच्या हाती नाही. उत्पन्नाचा लचका मात्र खडवलीच्या घरातून दर महिन्याला तोडला जाईल.

औषध महानियंत्रकांनी उद्याच परिपत्रक काढावे अशी आमची मागणी आहेच. पण त्यांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. 2019 च्या नव्या औषध व चाचणी नियमांप्रमाणे प्रत्येक नीतिसमितीत किमान सात सदस्य लागतात आणि त्यांत एक सामान्य नागरिक असावाच लागतो, डॉक्टर नसलेला. त्याला आजवर चहा-बिस्किटांपुरता आणि सहीपुरता बसवले गेले असेल, तर त्याने पुढच्या बैठकीत फॅटी लिव्हरच्या चाचणीचा प्रस्ताव आला की हात वर करावा आणि विचारावे: दोन्ही गटांतली माणसे काय जेवणार, किती राबणार, किती पिणार, आणि हे कोण, कधी, कुठल्या वहीत लिहिणार? वहीचे पान दाखवेपर्यंत त्याने सही करू नये. आणि इतिवृत्तात आपला नकार कारणासह नोंदवून घ्यावा.